नीतिमान ठरण्याचा क्रम

वाराणसीत दशाश्वमेध घाटावरून केदार घाटाच्या दिशेने पायऱ्यापायऱ्यांनी चालत निघाले की वाटेत राजा घाट लागतो. अमृतराव घाट हे त्याचे जुने नाव. रघुनाथरावांनी दत्तक घेतलेले अमृतराव पेशवे 1803 मध्ये इंग्रजांशी करार करून पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाले. पुढचे आयुष्य त्यांनी चित्रकूटजवळच्या कर्वीत आणि काशीत काढले. हा घाट त्यांनी दगडात बांधून काढला. 1824 साली ते वारले. अशा आश्रयदात्यांभोवती काशीत मराठी वस्ती वाढत गेली. तिच्यात शास्त्री होते, वैदिक होते, भिक्षुक आणि कारकून होते, आणि गंगेकाठी मरण यावे म्हणून देश सोडून आलेली वृद्ध माणसेही होती.

या वस्तीत धर्म मुख्यतः आचारातून ओळखला जाई. कोणत्या तिथीला कोणते कर्म, सुतक किती दिवसांचे, विटाळ झाला तर काय करायचे, कोणाच्या पंक्तीला बसायचे, चूक झाली तर प्रायश्चित्त कोणते, या प्रत्येक प्रश्नाला शास्त्रात उत्तर होते. महाराष्ट्रात आजही ज्याचा दाखला दिला जातो तो ‘निर्णयसिंधु’ कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये काशीतच सिद्ध केला, आणि त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. नियम शोधायचा, तो समजून घ्यायचा आणि पाळायचा, हे या काशीचे बौद्धिक काम होते.

याच मराठी काशीत नीळकंठशास्त्री गोऱ्हे वाढले. 1825 साली बुंदेलखंडात जन्मलेला हा चित्पावन तरुण न्याय आणि व्याकरण शिकलेला, वादात तरबेज. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. गोऱ्ह्यांनी 1844-45 च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचून त्याला उत्तर दिले. त्यातला एक आक्षेप आजही ताजा वाटतो. पूर्वकर्म मानायचे नाही, तर जन्मतःच वाट्याला येणारे दुःख कशाचे फळ? स्वतःच्या कर्माविना जीव दुःख भोगत असेल तर देव न्यायी कसा? पुढे मार्च 1848 मध्ये हेच गोऱ्हे जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. त्यांचे नाव नेहेम्या ठेवले गेले.

गोऱ्ह्यांचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारता येतो, आणि ख्रिस्ती धर्म समजून घेताना तोच अधिक अडचणीचा ठरतो. स्वतःचे पुण्य नसताना माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरेल? ख्रिस्ती धर्मातली श्रद्धा, नीतिमत्त्व आणि नियमशास्त्र यांची सारी रचना या एका प्रश्नाभोवती उभी आहे. ती टप्प्याटप्प्याने पाहू.

नियमशास्त्र : आधी सुटका, मग आज्ञा

मराठी बायबलमध्ये नियमशास्त्र म्हणतात ते प्रामुख्याने मोशेचे. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या पाच पुस्तकांत ते आले आहे. यहुदी परंपरेने त्यातल्या आज्ञांची संख्या 613 मानली आहे : 248 विधी आणि 365 निषेध. खून करू नको, चोरी करू नको या दहा आज्ञांतल्या गोष्टी त्यात आहेत. कोणता प्राणी खायचा, कोणता नाही, शब्बाथ कसा पाळायचा, मुलाची सुंता कोणत्या दिवशी करायची, यज्ञात काय अर्पण करायचे, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी कसे सोडायचे, हेही त्यात आहे.

पुढे ख्रिस्ती विचारवंतांनी या आज्ञांचे तीन गट पाडले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ही विभागणी नीट मांडली : नैतिक आज्ञा, विधींच्या आज्ञा आणि इस्राएलच्या राज्यव्यवहाराच्या आज्ञा. ख्रिस्ती परंपरेच्या मते विधींच्या आणि राज्यव्यवहाराच्या आज्ञांचे बंधन संपले, नैतिक आज्ञांचे संपले नाही. म्हणून ख्रिस्ती माणसाला डुकराचे मांस चालते, पण खोटी साक्ष चालत नाही.

इथे बायबलमधल्या घटनांचा क्रम लक्षात घ्यायला हवा. निर्गमच्या पुस्तकात इस्राएली लोक आधी मिसरच्या गुलामगिरीतून सुटतात आणि मग सीनाय डोंगरावर त्यांना आज्ञा मिळतात. दहा आज्ञांची सुरुवातही या सुटकेच्या आठवणीने होते. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली, असे ती कथा सांगत नाही. सुटका झाली म्हणून आज्ञा आल्या. यहुदी लोक नियम पाळून देवाची कृपा विकत घेऊ पाहत होते, असे चित्र ख्रिस्ती प्रवचनांतून फार काळ रंगवले गेले. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने 1977 मध्ये त्या चित्राला मोठा धक्का दिला. त्याच्या मते यहुदी माणूस करारात असतो तो देवाच्या निवडीमुळे, आणि नियम पाळतो तो करारात राहण्यासाठी.

अब्राहाम : नियमाच्या आधीचा नीतिमान

मग नव्या करारातली बरीच पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा वाद नेमका कशाशी होता? पौल स्वतः नियमशास्त्रात मुरलेला, परूशी या यहुदी पंथाचा. इसवी सन 57 च्या आसपास त्याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले. त्यात आणि गलतीकरांच्या पत्रात तो आपला मुद्दा एखाद्या मीमांसकासारखा ग्रंथाच्या क्रमावरून सिद्ध करतो.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात म्हाताऱ्या, निपुत्रिक अब्राहामाला देव वचन देतो की तुझी संतती ताऱ्यांइतकी होईल. अब्राहाम त्यावर विश्वास ठेवतो, आणि तो विश्वासच त्याचे नीतिमत्त्व म्हणून त्याच्या खाती धरला जातो. सुंतेची आज्ञा येते ती सतराव्या अध्यायात. मोशेचे नियमशास्त्र तर, पौलाच्या हिशेबाने, 430 वर्षांनंतरचे. पौलाचा निष्कर्ष असा : अब्राहाम नीतिमान ठरला तेव्हा पाळण्यासाठी सुंताही नव्हती आणि नियमशास्त्रही नव्हते. मग नीतिमान ठरण्याची अट ते कसे असू शकेल? आणि तसे असेल, तर सुंता न झालेला परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेला, माणूसही अब्राहामासारख्या विश्वासाने त्याच कुळात येऊ शकतो.

या मांडणीत श्रद्धा म्हणजे देव आहे एवढे मान्य करणे नव्हे. अब्राहामाच्या कथेत श्रद्धा म्हणजे वचन देणाऱ्यावर भार टाकणे. त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हते, होते ते फक्त वचन.

पंक्तीचा प्रश्न : अंत्युखिया आणि पंचहौद

हा वाद पौलापुढे आला तो जेवणाच्या जागी. अंत्युखिया या शहरात यहुदी आणि परराष्ट्रीय ख्रिस्ती एकत्र जेवत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्रही त्या पंक्तीला बसे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली आणि पेत्र हळूच मागे सरला, परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा थांबला. त्याचे पाहून इतर यहुदीही उठले, अगदी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर खडसावले, आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहूनही ठेवले.

मराठी वाचकाला यात अपरिचित काही नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या पुढाऱ्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले, आणि लोकमान्य टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एका कपाचा निवाडा अखेर काशीपर्यंत पोचला, कारण नियमभंगाची भरपाई नियमात सांगितलेल्या कर्माने करायची, ही त्या व्यवस्थेची रीत होती.

पौलाचा आक्षेप यापेक्षा वेगळ्या जागी होता. स्वतः यहुदी माणसाने यहुदी आहार पाळण्याला त्याची ना नव्हती. कोणी काय खावे, काय वर्ज्य करावे यावर भांडू नका, दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला जपा, असेच तो रोमकरांना सांगतो. पण पेत्राच्या उठण्यातून परराष्ट्रीयांना एक संदेश जात होता : ख्रिस्तावर विश्वास ठेवूनही तुम्ही अपुरे आहात, आमचे नियम पाळलेत तरच आमच्या बरोबरीचे व्हाल. तसे झाले तर नीतिमत्त्वाचा पाया ख्रिस्त न राहता आहार होईल, आणि हे त्याला मान्य नव्हते.

इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेममध्ये प्रेषितांची सभा भरली, तिचा विषयही हाच होता. परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नाही, असा निर्णय झाला. त्यांनी मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि व्यभिचार वर्ज्य करावेत, एवढेच ठरले. ख्रिस्ती धर्म यहुदी धर्माच्या चौकटीबाहेर पसरू शकला, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

निवाडा कसा होतो

आता मधला, सर्वांत अवघड टप्पा. नीतिमान ‘ठरणे’ ही न्यायालयातली भाषा आहे. न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो तेव्हा आरोपीचा स्वभाव त्या क्षणी बदलत नाही, त्याची स्थिती बदलते. पण दोषी माणसाला निर्दोष ठरवणारा न्यायाधीश अन्यायी नाही का?

पौल हा प्रश्न टाळत नाही. रोमकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की देव स्वतः न्यायी राहूनच पाप्याला नीतिमान ठरवतो, आणि हे क्रूसामुळे शक्य होते. पापाकडे कानाडोळा होत नाही, त्याचा भार येशू स्वतःवर घेतो. हा भार म्हणजे नेमके काय, यावर ख्रिस्ती विचारवंतांत एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म याने ते देवाच्या अवमानाची भरपाई म्हणून मांडले. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी ती माणसाच्या वाट्याची शिक्षा मानली. त्याआधीच्या ग्रीक आचार्यांचा भर मरणावर आणि सैतानावर मिळवलेल्या विजयावर होता.

कर्मसिद्धान्तात वाढलेल्या माणसाला इथेच थबकायला होते, कारण एकाचे कर्म दुसऱ्याच्या खाती कसे जाईल? तरी ही कल्पना काशीला अगदीच परकी नव्हती. मुलाने केलेले श्राद्ध पितरांना पोचते, हे घाटावर येणारा प्रत्येक जण मानत होता. फरक प्रमाणाचा आणि कर्त्याचा आहे. ख्रिस्ती मतानुसार एकाच व्यक्तीचे एकच कृत्य सर्वांना पुरते, आणि ते करणारा मनुष्यरूपातला देवच आहे.

पौल न्यायालयाच्या जोडीला आणखी एक कायदेशीर कल्पना वापरतो, ती दत्तकाची. ती समजायला ज्यांच्या नावाने राजा घाट पूर्वी ओळखला जाई त्या अमृतरावांचेच उदाहरण पुरेसे आहे. दत्तक मुलाने ते घर पराक्रम करून मिळवलेले नसते. घेणाऱ्याच्या निर्णयाने त्याचे गोत्र बदलते, तो वारस होतो, आणि त्यानंतर त्या घरची रीत शिकतो. रीत आधी शिकून दाखव, मग दत्तक घेतो, असे कोणी म्हणत नाही. घरात आल्यावर मात्र रीत शिकावीच लागते. अमृतरावांच्या बाबतीत पुढे वेगळे घडले. 1775 मध्ये रघुनाथरावांना औरस पुत्र झाला, 1796 मध्ये तोच दुसरा बाजीराव म्हणून पेशवेपदावर आला, आणि दत्तक पुत्र मागे पडला. पौलाच्या मांडणीत हे उलटे आहे. तिथे औरस पुत्रच दत्तकांना घरात आणतो आणि त्यांना आपल्या बरोबरीचे वारस करतो.

मग चांगले वागायचे कशासाठी?

हा प्रश्न पौलाच्या काळीच विचारला गेला होता. कृपा जर फुकट आहे तर पाप करत राहू, कृपा आणखी वाढेल, असा तर्क कोणीतरी लढवला असावा. रोमकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तो ठामपणे फेटाळतो. बाप्तिस्मा घेणारा माणूस जुन्या जगण्याला मेलेला आहे, तो त्याच जगण्यात पुन्हा राहील कसा?

नव्या करारातले याकोबाचे पत्र यापुढे जाते. कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असे त्याचे म्हणणे. उघड्या-उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्याच्या विश्वासाचा उपयोग काय? देव एक आहे हे भुतेही मानतात. याकोबही उदाहरण अब्राहामाचेच देतो, पण दुसऱ्या प्रसंगाचे : मुलाला वेदीवर ठेवण्याची तयारी. सोळाव्या शतकातल्या सुधारकांपैकी मार्टिन ल्यूथरला हे पत्र इतके खटकले की 1522 च्या प्रस्तावनेत त्याने ते गवतकाडीच्या मोलाचे ठरवले. पण पौल आणि याकोब या दोघांचा रोख तपासला तर विरोध बराच विरघळतो. पौल विचारतो, माणूस आत येतो कशामुळे? याकोब विचारतो, आत आलेला माणूस ओळखायचा कसा?

मग नियमशास्त्राला काम काय उरले? सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी त्याचे तीन उपयोग सांगितले, आणि 1577 च्या लूथरन मतपत्रातही ते आले. पहिला उपयोग आवर घालण्याचा : शिक्षेच्या भीतीने समाजात उघड दुष्कृत्ये कमी होतात. दुसरा दोष दाखवण्याचा : आज्ञा समोर ठेवल्यावर आपण किती कमी पडतो ते माणसाला कळते. तिसरा दिशा दाखवण्याचा : नीतिमान ठरलेल्या माणसाने कसे जगावे ते नियम सांगतो. ल्यूथरचे अनुयायी दुसऱ्या उपयोगावर भर देतात, कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाचे तिसऱ्यावर. नियम निदान करतो, वाट दाखवतो, पण तारत नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

येशूचे डोंगरावरील प्रवचन या संदर्भात वाचले पाहिजे. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशू सांगतो की मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, ते पूर्ण करायला आलो आहे. मग तो नियमाची रेषा हातावरून मनावर नेतो. खून तर नाहीच, पण भावाविषयीचा रागही निवाड्याला पात्र. व्यभिचार तर नाहीच, पण वासनेची नजरही त्याच वर्गात. शत्रूवर प्रेम करा. अनेक भारतीय वाचक ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेले ते या अध्यायांमुळे. रेव्हरंड ना. वा. टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर ते वाचन आपल्याला सोडवेना, असे त्यांनी नमूद केले आहे. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या प्रवचनाचा परिणाम दुहेरी आहे. ते वाचून माणूस भारावतो, आणि प्रामाणिक असेल तर हे आपल्याच्याने पाळले जाणार नाही हेही त्याला उमगते. पौलाची मांडणी सुरू होते ती याच ठिकाणी.

एक निवाडा, दोन वाचने

पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या तपस्व्याने आग्रह धरला की देवाने आज्ञा दिली आहे, म्हणजे माणसाला ती पाळता येतच असली पाहिजे. हिप्पोच्या ऑगस्टीनने त्याला विरोध केला : इच्छाच बिघडली आहे, ती आधी कृपेने बरी व्हायला हवी. पाश्चात्त्य चर्चने ऑगस्टीनची बाजू घेतली आणि पेलागियसचे मत पाखंड ठरवले. त्यामुळे माणूस केवळ स्वतःच्या पुण्याईने तरतो, असे कॅथलिक चर्च शिकवते, हा समज चुकीचा आहे.

ल्यूथर आणि रोम यांच्यातला वाद बारीक पण खोल होता. ल्यूथरच्या मते ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याच्या खाती धरले जाते आणि ते बाहेरचेच राहते, म्हणून माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने 13 जानेवारी 1547 रोजी आपले उत्तर दिले, 16 प्रकरणे आणि 33 नियमसूत्रांत. त्यानुसार सुरुवात कृपेनेच होते आणि ती कमावता येत नाही. पण कृपा माणसाला आतून खरोखर नीतिमान करते, सत्कर्मांनी ते नीतिमत्त्व वाढते, आणि गंभीर पापाने ते गमावता येते. गमावले तर पापकबुलीच्या संस्कारातून परत मिळते. म्हणजे ल्यूथरच्या दृष्टीने नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी, तर ट्रेंटच्या दृष्टीने एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू. ग्रीक आणि इतर पौर्वात्य चर्चनी या न्यायालयीन भाषेत फारसे मन घातले नाही. त्यांचा भर माणूस हळूहळू दैवी जीवनाचा सहभागी होण्यावर राहिला.

या भांडणाचा मोठा भाग 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग येथे मिटला. कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघाने संयुक्त घोषणापत्रावर सही केली. माणूस आपल्या गुणांमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने देवाला स्वीकार्य होतो, आणि मग सत्कर्मांसाठी समर्थ केला जातो, हे दोघांनी मान्य केले. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चही त्यात आले.

एक घोटाळा मात्र टाळायला हवा. चर्चचा स्वतःचा कायदा ही वेगळी गोष्ट आहे. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या संहितेत 1752 कलमे आहेत : विवाह, दीक्षा, मालमत्ता, खटले. ती संस्था चालवण्यासाठी आहेत, मोशेच्या नियमशास्त्राची जागा ती घेत नाहीत. शेवटचे कलम तर असे बजावते की आत्म्यांचे तारण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा.

गोऱ्हे आणि रमाबाई

हा सारा क्रम दोन मराठी आयुष्यांत तपासून पाहता येतो, आणि ती दोन आयुष्ये एकमेकांना भेटलीही होती.

गोऱ्हे ख्रिस्ती झाले ते चर्च मिशनरी सोसायटीच्या परंपरेत. तिचा भर वैयक्तिक विश्वासावर. पण पुढे ते अँग्लिकन चर्चच्या दुसऱ्या टोकाकडे सरकले. संस्कार, चर्चची परंपरा, उपवास, तपस्या यांना महत्त्व देणारी ती बाजू. 1870 मध्ये कोलकात्यात त्यांना पुरोहित म्हणून दीक्षा मिळाली आणि नंतर ते काउली फादर्स या अँग्लिकन संन्यस्त संघाशी जोडले गेले. पुण्याचे पंचहौद मिशन याच संघाचे. ते अतिशय साधे, कठोर आयुष्य जगले आणि बौद्धिक शंकांशी शेवटपर्यंत झुंजत राहिले. 1895 मध्ये त्यांचे निधन झाले. काशीच्या शास्त्र्याला श्रद्धेच्या धर्मातही आचाराचा आधार हवा होता, असे त्यांच्या वाटचालीवरून म्हणता येते.

पंडिता रमाबाईंची वाट उलट दिशेची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रा, व्रते, पुराणकथन यांत त्यांचे बालपण गेले. शास्त्रात सांगितलेले सर्व करूनही आईवडील दुष्काळात अन्नाविना गेले, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. गोऱ्ह्यांच्या लेखनाचा आणि चर्चांचा त्यांच्यावर परिणाम झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार गाजला. चर्च सांगते म्हणून मानायचे, हे रमाबाईंना पटेना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान देण्याची त्यांची तयारी नव्हती. आहार त्यांनी शाकाहारीच ठेवला, कारण त्यात ख्रिस्ताच्या आज्ञेविरुद्ध काही नव्हते.

तरी त्यांचा प्रवास तिथे संपला नाही. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, 1891 मध्ये, त्यांना जाणवले : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. मतपत्र मान्य केले, संस्कार घेतला, नियम पाळले, तरी भार टाकणे राहून गेले होते. शारदा सदन तोवर सुरू झाले होते. केडगावच्या मुक्ती मिशनचे प्रचंड काम, दुष्काळातल्या मुलींचे पुनर्वसन, बायबलचे मराठी भाषांतर, हे सारे या जाणिवेनंतरचे. श्रद्धा आधी म्हटले की कृती मागे पडते, या शंकेला केडगावइतके ठोस उत्तर मराठी मुलखात दुसरे नाही.

गोऱ्हे आणि रमाबाई यांच्या वाटा वेगळ्या, पण दोघांनाही एकच गोष्ट ठरवावी लागली : नियमाला कोणती जागा द्यायची. ख्रिस्ती पंथोपंथांतले वादही बहुतेक या जागेवरून झाले आहेत. चांगले वागावे की नाही, यावर त्यांच्यात वाद नाही. वाद आहे तो चांगले वागणे देवापुढच्या निवाड्याच्या आधी येते, नंतर येते की त्याच्याबरोबर वाढत जाते, याविषयी. वसईच्या मराठी कॅथलिक घरात किंवा अहमदनगरच्या प्रोटेस्टंट मंडळीत प्रवचन ऐकण्याचा योग आला, तर वक्ता श्रद्धा, नीतिमत्त्व आणि नियमशास्त्र या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने मांडतो तिकडे कान द्यावा. त्याचा पंथ कोणता हे त्या क्रमावरून पुष्कळदा कळेल. आणि तीनपैकी एकही त्याला वगळता आलेली नाही, हेही ध्यानात येईल.